रविवारचे गद्य : मराठी पाळकाचा उपदेश आणि आपला वाङ्मयेतिहास

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत ख्रिस्ती लेखनाची जागा ठरून गेलेली आहे. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण', बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन', रेव्हरंड टिळकांची कविता आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' अशी चार नावे घेतली की ते प्रकरण मिटते. ही पुस्तके त्या जागेस पात्र आहेत यात शंका नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. ज्या समाजातून हे लेखन आले त्या समाजाचे रोजचे गद्य कोणते होते, हा प्रश्न आपण कधी विचारलेला नाही. दर रविवारी पाळकाने मंडळीसमोर केलेला उपदेश, आणि त्याच धर्तीवर साप्ताहिकात किंवा मासिकात छापलेले त्याचे छोटे चिंतन, हे ते गद्य होय. ते बोलण्यासाठी लिहिले गेले, ऐकले गेले आणि पुढच्या रविवारच्या उपदेशाने पुसले गेले. पुस्तकाच्या रूपात ते क्वचितच उरले. म्हणून इतिहासकाराच्या नजरेस पडले नाही.

इंग्रजीच्या अभ्यासकांना हे थोडे विचित्र वाटेल. जॉन डन १६२१ साली लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचा डीन झाला आणि १६३१ साली मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिला. त्याच्या प्रेमकवितांइतक्याच गांभीर्याने त्याची प्रवचने इंग्रजी गद्याच्या इतिहासात वाचली जातात. त्याला कोणी अपवाद म्हणेल, पण लोकप्रियतेच्या दुसऱ्या टोकाला असलेला चार्ल्स स्पर्जनही तिथे नोंदला गेला आहे. १८५५ पासून त्याचा उपदेश दर आठवड्याला एक पेनी किमतीत छापून निघे. रविवारी लघुलेखकाने टिपून घ्यायचे, सोमवारी स्पर्जनने त्यावर हात फिरवायचा आणि त्याच आठवड्यात अंक बाजारात जायचा, असा तो कारखाना होता. १८९२ साली स्पर्जन वारला तरी शिल्लक उपदेशांवर हा क्रम १९१७ पर्यंत चालला. युद्धकाळातील कागदटंचाईने तो थांबवला. साहित्य म्हणून त्याची प्रत कमीजास्त ठरवावी, पण एक वाङ्मयप्रकार म्हणून त्याची दखल घ्यावी लागते एवढे तरी त्या समाजाने मान्य केले.

या प्रकाराची खूण कोणती? आमच्या मते दोन गोष्टी त्याला घडवतात. एक, आठवडा. कादंबरीकार थांबू शकतो, कवीला तर थांबण्याचा जणू हक्कच आहे. पाळकापुढे मात्र रविवार येतोच, मग मन भरलेले असो वा रिते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. समोरची माणसे तीच असतात. कोणत्या दोन भावांचे बोलणे तुटले आहे, कोणाच्या घरी धान्य संपले आहे, कोण कोणाच्या शेजारी बसायला तयार नाही, हे बोलणाऱ्याला ठाऊक असते. त्याला ते ठाऊक आहे हे ऐकणाऱ्यांनाही ठाऊक असते. देव माणसावर प्रेम करतो हे वाक्य अनोळखी जमावापुढे उच्चारणे सोपे आहे. ज्यांची भांडणे आपण परवाच मिटवायला गेलो होतो त्यांच्यापुढे ते उच्चारणे ही निराळी गोष्ट आहे.

हा ताण फार जुना आहे. दुसऱ्या शतकाच्या मध्यास, इ. स. १५५ च्या सुमारास, जस्टिन या लेखकाने रोममधील ख्रिस्ती सभेचे वर्णन केले आहे. लोक सूर्याच्या वारी जमत, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितके वाचले जात, मग अध्यक्ष त्यावर बोलून तसे वागण्याची विनवणी करी. नंतर भाकर वाटली जाई आणि जमलेली वर्गणी अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान यांच्यासाठी त्याच्या हवाली होई. उपदेश आणि वर्गणीचा हिशेब या वर्णनात शेजारीशेजारी येतात, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढे पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेतील हिप्पो या बंदराच्या गावी ऑगस्टीनने योहानाच्या पहिल्या पत्रावर दहा प्रवचने दिली. तीही लघुलेखकांनी टिपून घेतलेली. विषय देवाच्या प्रेमाचा. परंतु गावात त्या वेळी ख्रिस्ती लोकांचेच दोन तट पडलेले होते आणि डोनेटसपंथीयांची मंडळी वेगळी भरत होती. त्यामुळे या प्रवचनांत प्रेम म्हणजे काय याचे उत्तर तत्त्वज्ञानाच्या पातळीवर थांबत नाही. भाऊ नकोसा झाला तरी त्याला सोडून वेगळी चूल न मांडणे, हा अर्थ त्यात सारखा डोकावतो.

मराठीत या गोष्टीची सुरुवात गोव्यात झाली, आणि ती पद्यात झाली. १६१६ साली राशोल येथे छापलेले स्टीफन्सचे पुराण आपण अभ्यासक्रमात एक महाकाव्य म्हणून वाचतो. पण ते कोणासाठी लिहिले गेले हे पाहिले तर चित्र पालटते. नव्या ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे हिरावली गेली होती, त्यांच्या जागी काही हवे होते. आणि अकरा हजारांच्या जवळपास जाणाऱ्या या ओव्या देवळात रविवारी आणि सणासुदीला वाचल्या जात. म्हणजे उपासनेच्या ठरलेल्या वारी जमलेल्या, तोंडओळख असलेल्या माणसांसाठी केलेली ती रचना होती. तिच्या भाषेचा गोडवा आपण वाखाणतो, परंतु त्या गोडव्यामागे श्रोत्यांची ही सवय उभी आहे. पुढे पोर्तुगीज सत्तेने १६८४ साली स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले आणि हा प्रवाह आटत गेला.

एकोणिसाव्या शतकात तो दुसऱ्याच वाटेने आला. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. पुढे अहमदनगर (आता अहिल्यानगर) हे त्या कामाचे केंद्र बनले. तेथील पहिली मंडळी १८३३ सालची. १८४२ साली नगरहून 'ज्ञानोदय' निघाले. ते आधी मासिक होते, मग त्याचे दिवस कमी होत होत ते साप्ताहिक झाले. त्यात धर्मचर्चा होती, खंडनमंडन होते, विज्ञान आणि बातम्याही होत्या. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली याच पत्रात छापून आला, हे आता सर्वांना माहीत आहे. परंतु हा निबंध देवाला उद्देशून केलेल्या तक्रारीच्या सुरात लिहिलेला आहे, आणि तशी तक्रार छापायला जे पान सहज मोकळे झाले ते उपदेशाची सवय असलेल्या पत्राचे होते, हा धागा फारसा कोणी उचललेला नाही.

याच काळात एक धोरणात्मक बदल झाला. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचा चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला. गावोगाव छोट्या मंडळ्या असाव्यात, त्यांचा पाळक तिथलाच असावा, त्याचे वेतन मंडळीने द्यावे आणि सारा व्यवहार देशी भाषेत चालावा, असा त्याचा आग्रह होता. त्याच सुमारास, १८५४ साली, नगरमध्ये हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. या धोरणाची फळे दुहेरी होती. इंग्रजी शाळांवरचा हात आखडला गेला आणि गरीब ख्रिस्ती मुलांची वरच्या नोकऱ्यांची वाट अरुंद झाली. हे नुकसान खरे होते. दुसरीकडे मराठीत दर रविवारी बोलणारा, मराठीत विचार करणारा एक वर्ग उभा राहिला. आपल्याकडे नियतकालिकांनी मराठी गद्य घडवले असे आपण शिकवतो. ते बरोबरच आहे; पण ज्या गावात एकही नियतकालिक पोचत नव्हते तिथे तासभर चालणारे, आरंभ-मध्य-शेवट असलेले, एका वचनाभोवती बांधलेले गद्य दर आठवड्याला ऐकू येत होते, याची नोंद त्या धड्यात असायला हवी.

या गद्याला शब्द सापडणे सोपे नव्हते. 'मंडळी' हा शब्द पाहा. ख्रिस्ती सभेसाठी तो कोणी पहिल्यांदा वापरला असेल त्याचा कान तयार होता असे म्हणावे लागते. घरची मंडळी, पंगतीची मंडळी, किंवा जुन्या वळणाच्या गृहस्थाने बायकोसाठी वापरलेला 'आमची मंडळी' हा प्रयोग, अशा साऱ्या घरगुती छटा त्यात आल्या. 'पाळक' हाही तसाच. नगर-पुण्याच्या पठारावर धनगरांचे कळप हिंडताना पाहिलेल्या श्रोत्याला मेंढरांची उपमा समजावून सांगावी लागत नव्हती. इंग्लंडातल्या शहरी श्रोत्यापेक्षा ती त्याला जवळची होती.

अडचण होती ती प्रेमाच्या शब्दाची. माणसाकडून देवाकडे जाणाऱ्या भावासाठी मराठीत भक्तीसारखा भरलेला शब्द आहे. देवाकडून माणसाकडे येणाऱ्या भावासाठी काय? कृपा, दया, करुणा हे शब्द आहेत, पण त्यांत देणारा उंचावर आणि घेणारा खाली आहे. बायबलच्या मराठी भाषांतरांनी 'प्रीती' हा शब्द पक्का केला. योहानाच्या शुभवर्तमानातील तिसऱ्या अध्यायाचे सोळावे वचन असो की पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातील तेरावा अध्याय, तिथे हाच शब्द आहे. मराठी ख्रिस्ती माणसाला तो आता इतका आपला वाटतो की त्यावर बोट ठेवले तर राग येईल. तरी बोट ठेवावेसे वाटते. बाहेरच्या मराठीत 'प्रीती' हळूहळू नाटकातल्या नायक-नायिकांकडे गेली आणि उपासनेच्या भाषेत राहिलेली 'प्रीती' एक वेगळे, थोडे परके वळण घेऊन बसली. गमतीची गोष्ट अशी की आईच्या, आजीच्या, शेजारणीच्या प्रेमासाठी खेड्यातला माणूस जो शब्द रोज वापरतो तो, म्हणजे 'माया', या कामी येऊ शकला नाही. माया लावणे, मायेने जवळ घेणे यांतला ओलावा कोणत्याही संस्कृत शब्दात नाही. पण वेदान्ताने त्या शब्दावर भ्रमाचा शिक्का आधीच मारून ठेवला होता, आणि ईश्वराचे प्रेम भ्रम नाही हे सांगायला निघालेल्या माणसाला तो वापरणे अवघड होते. शास्त्री-पंडितांच्या मदतीने भाषांतर करणाऱ्या मिशनऱ्यांनी तत्त्वज्ञानातला अर्थ पाहिला आणि स्वयंपाकघरातला अर्थ दूर राहिला, असा आमचा तर्क आहे. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे खर्चून जे बायबल केले (ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले) त्यामागे हीच बोच होती. अर्धवट शिकलेल्या खेड्यातल्या बाईला कळेल असे साधे मराठी त्यांना हवे होते. संस्कृत मुखोद्गत असलेल्या विदुषीने संस्कृत शब्द टाळायचे ठरवावे, ही गोष्ट आमच्या भाषाविचारात याहून जास्त चर्चिली जायला हवी होती.

इथे रेव्हरंड टिळकांकडे वळणे भाग आहे. त्यांची 'फुलामुलांचे कवी' ही ओळख आपण इतकी गिरवली आहे की ते पाळक होते, उपदेशक होते, धर्मशास्त्राच्या विद्यालयात शिकवणारे होते हे तपशील चरित्राच्या टिपांमध्ये गेले आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेल्या या चित्पावन ब्राह्मणाला रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. वाचता वाचता ते अडकले ते डोंगरावरील प्रवचनापाशी. म्हणजे एका उपदेशानेच त्यांना ओढले. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. नगर ही पुढे कर्मभूमी. १९१२ पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते.

आपण ख्रिस्ताकडे तुकारामांच्या पुलावरून आलो, असे ते सांगत. या उद्गाराचा उल्लेख सगळे करतात, पण त्याचा गद्यावर काय परिणाम झाला हे कोणी पाहत नाही. वर सांगितलेली शब्दाची अडचण टिळकांनी शब्द बदलून सोडवली नाही. त्यांनी नाते बदलले. वारकरी संतांनी देवाचे प्रेम कधी भाववाचक नामाने सांगितले नव्हते. ते त्यांनी 'माउली' म्हणून, म्हणजे एका माणसाच्या नावाने सांगितले होते. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटले, गुरु म्हटले, आणि तिथे 'प्रीती'ला जे जमत नव्हते ते एका हाकेत जमले. देवाचे प्रेम ही ऐकून मान्य करायची गोष्ट न राहता हाक मारायची गोष्ट झाली. मंडळीत भजन आणि कीर्तन यांना त्यांनी दिलेली जागा याच दृष्टीने पाहावी. ख्रिस्ती कीर्तनाची वाट नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी त्यांच्या आधीच पाडली होती. टिळकांनी तिच्यावर रहदारी वाढवली. आजही मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या पुस्तकात त्यांची गीते मोठ्या संख्येने आहेत, आणि ती म्हणणाऱ्या पुष्कळांना आपण रविकिरण मंडळाच्या आधीच्या एका महत्त्वाच्या मराठी कवीला गात आहोत याची कल्पना नसते. त्यात काही बिघडत नाही. कवीला याहून मोठे यश कोणते?

हे सारे सुंदर आहे, पण मंडळी म्हणजे केवळ भजन नव्हे. नगर जिल्ह्यातील मंडळ्यांत बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजांतून आलेली होती. सुरुवातीचे नामवंत पाळक मात्र ब्राह्मण घरांतले. खिस्ते, मोडक, पुढे टिळक ही आडनावेच ते सांगतात. रविवारी व्यासपीठावरून येणारी मराठी आणि बाकांवर किंवा जमिनीवर बसलेल्यांच्या घरातली मराठी यांत अंतर होते. देवापुढे सारे सारखे, हे वाक्य प्रभुभोजनाच्या वेळी एका भाकरीने आणि एका प्याल्याने तपासले जाई. ज्याने लहानपणापासून पाण्याच्या भांड्याचा विटाळ पाळला त्याच्यासाठी तो प्याला हा कोणत्याही उपदेशापेक्षा कठीण धडा होता. 'स्मृतिचित्रे' आपण विनोदासाठी आणि निर्मळ शैलीसाठी वाचतो. तिच्यात हा धडा एका बाईने किती टप्प्यांनी, किती अडखळत गिरवला त्याचा जो आलेख आहे, तसा एखाद्या उपदेशसंग्रहात सापडणे कठीण. नवऱ्याचा १८९५ साली बाप्तिस्मा झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली पाच वर्षे म्हणजे एका उपदेशकाच्या सर्वांत अवघड श्रोत्याने घेतलेला वेळ होय.

त्याच पुस्तकात उपदेशाची दुसरी बाजूही आहे. टिळक हातात असेल ते देऊन टाकत. कोणालाही घरी घेऊन येत. महिनाअखेर कशी निघेल याचा विचार त्यांना शिवत नसे. उपदेशात जे प्रेम म्हणून सांगितले जाते त्याचा घरखर्च कोण चालवते, याचे उत्तर लक्ष्मीबाईंनी हसत हसत देऊन ठेवले आहे. नवऱ्याच्या औदार्याला त्या नावे ठेवत नाहीत आणि त्याची आरतीही ओवाळत नाहीत. आमच्या मते मराठी ख्रिस्ती उपदेशावरील सर्वांत चांगली टीका ती हीच.

दुष्काळांनी हा प्रश्न घराबाहेर आणला. १८७६ ते ७८, मग १८९६-९७, लगेच १८९९-१९००. या वर्षांत मिशनच्या अनाथालयांत आणि कामांवर हजारोंनी माणसे आली, मंडळ्यांची संख्याही वाढली. भाकरीसाठी धर्म बदलला हा टोमणा तेव्हापासून आजवर मराठी ख्रिस्ती माणसाच्या पाठीस लागलेला आहे. पाळकाच्या बाजूने पाहिले तर पेच वेगळाच दिसतो. देवाचे प्रेम विनामूल्य आहे असे तो सांगतो, परंतु जो सांगतो त्याला मिशनकडून पगार मिळतो, आणि जो ऐकतो त्याला कधी मिशनकडूनच धान्य मिळाले आहे. मग प्रेमाचा आणि व्यवहाराचा काटा वेगळा कसा करायचा? अँडरसनची स्वावलंबी मंडळीची कल्पना कागदावर बिनतोड होती. दुष्काळी तालुक्यातल्या शेतमजुरांनी पाळकाचा पगार कुठून द्यावा हे कागदावर नव्हते. त्यामुळे देशी पाळक परदेशी मिशनऱ्याचा नोकर दिसत राहिला आणि पुष्कळदा तसा वागवलाही गेला.

१९१७ साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडले. 'देवाचा दरबार' नावाचे बंधुमंडळ काढून बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात घ्यायचे, हा त्यांचा संकल्प होता. साताऱ्यास राहून त्यांनी ते चालवायला घेतले. सनातनी हिंदूंना ते नको होतेच. पुष्कळ ख्रिस्ती मंडळींनाही बाप्तिस्म्याची रेषा पुसट झालेली मानवणारी नव्हती. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. चरित्रकार याला कवीचे स्वप्न म्हणून हळव्या शब्दांत निरोप देतात. आम्हांस त्यात उपदेशकाचा कठोर हिशेब दिसतो. वीस-बावीस वर्षे जो फुकट मिळणाऱ्या प्रेमाविषयी दर आठवड्याला बोलत आला, त्याने शेवटी आपल्या बोलण्यामागचा पगार काढून पाहिला. बोलणे उभे राहते का, ही त्याची परीक्षा होती. तिचा निकाल लागायला मृत्यूने वेळ दिला नाही.

साप्ताहिक उपदेशाचा हा प्रकार ख्रिस्ती समाजापुरता राहिला असता तर वाङ्मयेतिहासकाराचे दुर्लक्ष एक वेळ समजले असते. तो राहिला नाही. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. त्याने बाप्तिस्मा नाकारला, अवतार नाकारला, पण ठरलेल्या वारी जमणे, प्रार्थना, गायन आणि एका वचनावरचा उपदेश ही चौकट घेतली. वचन बायबलऐवजी बहुधा तुकारामांचे. १८७३ पासून त्यांचे 'सुबोध पत्रिका' हे साप्ताहिक निघू लागले. न्यायमूर्ती रानड्यांची 'धर्मपर व्याख्याने' या चौकटीतून आली. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मशास्त्र शिकून आले आणि मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले; त्यांची प्रवचने आज वाचताना पाळकाचे गद्य ख्रिस्ताशिवाय कसे दिसते हे कळते. शिंद्यांनाही तोच पेच पडला होता. गिरगावच्या मंदिरात बसलेल्या सुशिक्षितांना ईश्वराच्या पितृत्वावर किती रविवार ऐकवायचे? १९०६ साली त्यांनी काढलेले अस्पृश्योद्धाराचे मिशन हे त्या रविवारांतून बाहेर पडण्याची वाट होती. टिळक आणि शिंदे या दोघांना शेजारी ठेवून वाचण्याचे काम आपल्या विद्यापीठांत अजून व्हायचे आहे. एक धर्मांतरित, एक न झालेला. दोघांच्याही हातात तुकारामांची गाथा, दोघांच्याही पुढे दर आठवड्याची तीच माणसे.

वसईची गोष्ट या साऱ्यापासून वेगळी आणि नंतरची आहे. तिथला कॅथलिक समाज कितीतरी जुना, पण त्याची मिस्सा लॅटिनमध्ये चाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीचा जो दस्तऐवज संमत केला त्याने लोकभाषेला दार उघडले आणि रविवारच्या मिस्सेतील प्रवचन सबळ कारणाशिवाय टाळू नये असे सांगितले. लॅटिन न समजणाऱ्या गावात फादरने आता दर आठवड्याला मराठीत बोलायचे होते. 'सुवार्ता' हे मासिक, आणि त्याचे १९८३ पासून दोन दशकांहून अधिक काळ संपादन करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे गद्य, यांचे मूळ आम्ही या सक्तीत पाहतो. त्यांची वाक्ये छोटी आहेत, पहिल्या फेरीत कानाला कळतील अशी. उदाहरण शेतातले किंवा प्रवासातले. आणि परिच्छेद अशा जागी संपतो की वाचणाऱ्याने थोडे थांबावे. हे वळण लेखनाच्या खोलीत पडलेले नाही, ते वेदीजवळ उभे राहून पडले आहे. वसईतील गुंडगिरी आणि हरित पट्ट्याची लूट यांविरुद्धच्या चळवळीत ते उतरले तेव्हाही भाषा तीच राहिली. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा भाषांतर पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आता धाराशिव) येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या निवडीला काही संघटनांनी विरोध केला. धर्मगुरू साहित्यिक कसा, असाही सूर निघाला. संतसाहित्यावर संशोधन करणाऱ्या भाषेत हा प्रश्न विचारला जावा याचे आम्हांस नवल वाटले. जुलै २०२४ मध्ये दिब्रिटो वारले, तेव्हा श्रद्धांजलीच्या लेखांत पर्यावरण आले, चळवळ आली, बायबल आले. रविवारच्या प्रवचनावर मात्र दोन ओळींपेक्षा जास्त कोणी लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही.

मराठी विभागांतील प्रबंधाच्या विषयांची यादी दरवर्षी तयार होते. 'ज्ञानोदया'च्या टिळककालीन अंकांतील गद्य, 'सुबोध पत्रिके'तील उपदेश, 'सुवार्ते'ची संपादकीये हे तीन विषय त्या यादीत घालायला कोणाची परवानगी लागत नाही. जुने पाळक आणि त्यांची घरे अजून आहेत. वहीत शाईने लिहिलेले, कडेला वेळेची खूण केलेले उपदेश अशा घरांतल्या ट्रंकांत पडून असणे अगदी शक्य आहे. संशोधकाने जावे आणि विचारावे. जाताना रविवार टाळावा, त्या दिवशी घरात कोणी भेटणार नाही.